वीस बोंडं

कृषी सहायकाच्या नोकरीत इतकं बोलावं लागतं, हे रुजू होईपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. परीक्षेत माती विचारली, खतं विचारली, किडी विचारल्या. माणसांसमोर उभं राहता येतं का, हे कोणी विचारलं नाही. मी उसाच्या पट्ट्यातला, नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात. कपाशी तोवर पुस्तकातच पाहिलेली. 2018 साली पहिल्याच सभेत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ या तीन शब्दांवर जीभ अडकली ती सुटलीच नाही. समोरून कोणीतरी म्हणालं, ‘साहेब, पानी प्या.’ मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो.

पुढची तीन वर्षं मी पळवाटांवर काढली. सभेला पर्यवेक्षक साहेबांना बोलावायचं, आपण सतरंजी आणि बॅनर बघायचा. ते नसतील तर घडीपत्रिका वाटायच्या, हजेरीपटावर सह्या-अंगठे घ्यायचे, बॅनरसकट फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. आमच्याकडे फोटो गेला की सभा झाली, असाच हिशोब आहे. कोण काय बोललं, हे आजवर एकाही वरिष्ठानं विचारलेलं नाही. भित्र्या माणसाला याहून सोयीचं खातं मिळणार नाही.

डिसेंबर 2021. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, संध्याकाळी सातची वेळ, कारण वेचणी आटोपून बाया घरी येईस्तोवर सभेला कोणी येत नाही. विषय फरदडीचा. वेचण्या संपल्यावरही पाणी-खत देऊन कपाशी उभी ठेवायची आणि मार्चपर्यंत जे निघेल ते वेचायचं, ती फरदड. गुलाबी बोंडअळीची त्यावर चंगळ होते. उन्हाळ्याआधी तिला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामातल्या पहिल्या कळ्यांवर ती हजर होते. म्हणून डिसेंबर संपता संपता शेत मोकळं करा, हे आमचं दरवर्षीचं सांगणं.

साहेबांना दाखवायला म्हणून मी दुपारीच वीस हिरवी बोंडं तोडून पिशवीत ठेवली होती. साडेसहाला त्यांचा फोन आला, ‘मला जमत नाही रे आज. तू सांभाळ. फोटो तेवढा टाक.’

मी परिपत्रक वाचायला घेतलं. हात असा कापत होता की कागदाची सळसळ माइकमधून गावभर ऐकू जात होती. माझा आवाज कमी, कागदाचा जास्त. मागून एक बाई म्हणाली, ‘भाऊ, कागद वाचू नोका. काय ते सांगा ना.’

सळसळ थांबावी एवढ्यासाठीच कागद खाली ठेवला. मग रिकामे हात कापायला लागले. हाताला काहीतरी हवं म्हणून पिशवीतलं बोंड काढलं आणि फोडलं.

बोंडअळीचं बोंड बाहेरून ओळखू येत नाही. अळी अंड्यातून निघाली की केसाएवढी असताना आत शिरते आणि तिनं पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. अंगठ्यानं दाबून पाकळ्या उकलल्याशिवाय काही कळत नाही. मी माणसांकडे न बघता बोंडाकडे बघून बोलत होतो. ‘पहिलं, साफ.’ दुसरं फोडलं. ‘साफ.’ तिसऱ्यात पांढऱ्या ओल्या रुईवर तपकिरी डाग, आणि डागाच्या टोकाला सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी. मी ती अंगठ्यावर घेतली आणि पुढच्या रांगेतल्या काकांच्या तळहातावर ठेवली. ती हातोहात मागे गेली.

चौथ्यापासून मोजणी लोकांनीच सुरू केली. ‘पाच! साफ!’ ‘सहा! हाय, हाय!’ पोरं पुढे सरकली. वीस संपली तेव्हा सात किडकी निघाली होती. मी म्हणालो, ‘विसात दोन निघाली तरी धोका समजायचा. ही सात आहेत.’ आर्थिक नुकसानीची पातळी सांगून झाली होती आणि मला ते तीन शब्द उच्चारावेच लागले नव्हते.

त्यानंतर मी चाळीस मिनिटं बोललो. अळी सुप्तावस्थेत कशी जाते, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचून का ठेवू नयेत, सरकी वेगळी करतात त्या जिनिंगमध्येही नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे कशाला लावतात, सगळं. कोणीतरी विचारलं, ‘पण साहेब, भाव चढून राह्यला ना?’ त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 6,025 होता आणि बाजारात आठ हजारांच्या आसपास मिळत होते. मी म्हणालो, ‘भाव काय लिफ्टमध्ये बसलाय का, नुसता वरच जायला?’

सगळा मंडप हसला. उभ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदा हसली. घरी जाताना गाडीवर मी ते वाक्य दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. फोटो टाकायचा राहिला.

पुढच्या रांगेतल्या त्या काकांचं चार एकर ओलिताचं रान. आठ दिवसांत त्यांनी कपाशी उपटली, उशिरानं का होईना हरभरा पेरला. जानेवारीत कापसानं दहा हजार ओलांडले. एप्रिलपर्यंत काही बाजारांत तो बारा हजारांच्याही वर गेला. ज्यांनी माझं ऐकलं नाही त्यांनी फरदडीची कवडी, म्हणजे किडका-डागी कापूससुद्धा, अशा भावात विकली, जो चांगल्या कापसाला आधी कधी मिळाला नव्हता. हरभऱ्याचा हमीभाव होता 5,230.

कीडशास्त्रात मी चुकलो नव्हतो. फरदड काढा, हे आजही सांगतो. पण भावाबद्दल परिपत्रकात एक अक्षर नव्हतं. ते माझं होतं. कागद हातात धरून थरथरणारा मी कागदाबाहेरचं वाक्य बोलूच शकलो नसतो. आणि बोललो असतो तरी त्या मी-चं ऐकून कोणी चार एकर उपटलं नसतं. तीन वर्षं मी गावोगाव जे पुटपुटत होतो, त्यानं कोणाचं भलं झालं नाही, वाटोळंही झालं नाही.

जूनमध्ये बियाण्याच्या सभेला काका पुन्हा पुढच्याच रांगेत. मी नजर चुकवत होतो. सभा संपल्यावर ते स्वतःच जवळ आले, माझ्या हातावर तंबाखूची चिमूट ठेवली आणि म्हणाले, ‘साहेब, त्या दिसी तुमी लय मस्त बोलले बुवा.’

मी तंबाखू खात नाही. कितीतरी वेळ ती तशीच मुठीत धरून उभा होतो.