तुम्ही विचारलंत म्हणून : प्रशिक्षणात पटलेलं वर्गात का उतरत नाही?

प्राथमिक शाळेत शिक्षकांचं मार्गदर्शन करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुख्याध्यापक विचारतात, नव्यानेच मार्गदर्शक झालेले विचारतात, कधी शिक्षकही विचारतात : "प्रशिक्षणात तर सगळ्यांना पटलं होतं. मग दोन आठवड्यांत ये रे माझ्या मागल्या का होतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पस्तीस मुलं समोर असताना शिक्षक सवयीने वागतो. प्रश्न विचारला, पहिला हात वर आला, उत्तर घेतलं, 'शाब्बास', पुढचा प्रश्न. ही साखळी एका तासात कितीतरी वेळा फिरते आणि वर्षानुवर्षं फिरत आलेली असते. व्याख्यान ऐकताना ती चुकीची आहे असं पटतं, पण वर्गात पाऊल टाकताच तोंड आपोआप जुनंच बोलतं. यात आळस नाही की दुराग्रह नाही. सायकल चालवण्यावर भाषण ऐकून सायकल येत नाही, तसंच हे.

दुसरी चूक क्रमाची. आधी शिक्षकांचं मत बदलायचं आणि मग पद्धत बदलेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकी शिक्षणसंशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हा क्रम उलटा मांडला : शिक्षक आधी काहीतरी वेगळं करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो आणि मग त्याचं मत बदलतं. मला हे पूर्ण पटतं. म्हणून मन वळवण्यात महिने घालवू नका. आठवड्याभरात मुलांच्या तोंडून ज्याचा परिणाम ऐकू येईल, अशी एक छोटी गोष्ट निवडा. एकच. शाळेच्या वार्षिक आराखड्यात सात नव्या पद्धती असतील तर त्यातल्या सहा सध्या बाजूला ठेवायला मुख्याध्यापकांना राजी करणं, हे मार्गदर्शकाचं पहिलं काम.

सुरुवातीला मी जवळजवळ नेहमी 'थांबणं' सुचवते. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. १९७४ मधल्या त्यांच्या मांडणीनुसार हा अवधी तीन सेकंद किंवा जास्त केला की उत्तरं लांब होतात, गप्प बसणं आणि 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागतात. याला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत, अभ्यासक्रमही अडत नाही. तरी करायला गेलं की कळतं, तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला किती खुपते ते.

इथे नेमकं काय बिघडतं हे माहीत असलं पाहिजे. मुलाचं नाव आधी घेतलं, मग प्रश्न विचारला, की बाकीची चौतीस मुलं सुटली. म्हणून प्रश्न आधी, मग मनातल्या मनात तीन अंक, मग नाव. शांतता सहन न होऊन शिक्षक तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारतात. तेव्हा पहिल्या प्रश्नावर विचार करणारं मूल दुसऱ्याकडे वळतं आणि दोन्हीकडून जातं. काही जण उत्तराचं पहिलं अक्षर पुरवतात, मग मुलं विचार सोडून अक्षर पकडतात. मुलाने दिलेलं उत्तर शिक्षकाने मोठ्याने पुन्हा म्हणणं ही सवय तर फार चिवट. त्यातून वर्ग शिकतो की मित्राचं ऐकायची गरज नाही, बाई परत सांगतीलच. रो यांनी उत्तरानंतरच्या थांबण्यालाही तेवढंच महत्त्व दिलं होतं, पण ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आणि हो, 'पाच अधिक तीन किती?' अशा प्रश्नावर थांबण्यात अर्थ नाही. थांबायचं ते 'हे उत्तर चुकीचं का आहे?' अशा प्रश्नावर. तेव्हा रोजच्या पाठासाठी असे दोन प्रश्न आदल्या दिवशीच टाचणात शब्दशः लिहून ठेवायला सांगा. आयत्या वेळी चांगला प्रश्न सुचत नाही.

आता कामाचा क्रम. एका शिक्षकाबरोबर साधारण सहा आठवडे धरा. एका वेळी सहापेक्षा जास्त शिक्षक घेऊ नका, नाहीतर भेटी हजेरीपुरत्या उरतात. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांची भेट : कुठला विषय, कुठला तास, मुलं कुठे अडतात. इथे शिक्षकाने स्वतःची अडचण सांगितली तर अर्धं काम झालं. 'मुलं उत्तरच देत नाहीत' असं ते म्हणाले की थांबण्याचा मुद्दा आपोआप येतो, तुम्हाला लादावा लागत नाही.

मग बरेच मार्गदर्शक स्वतः आदर्श पाठ घेऊन दाखवतात. जरूर घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. पाहुण्यासमोर मुलं शहाण्यासारखी वागतात, आणि शिक्षकाच्या मनात एवढंच राहतं, 'त्यांना जमतं बुवा, माझ्या वर्गात नाही जमायचं.' त्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात पाठ वाटून घ्या. पहिली दहा मिनिटं तुम्ही, पुढची दहा ते, आणि मधे सरळ मुलांसमोर 'सर, मी थांबायला विसरले का?' असं विचारा. मार्गदर्शकाची चूक शिक्षकाला दिसली की पाहुणा वर्गात असल्याचा ताण बराच उतरतो.

वर्गात जायच्या आधीचा सराव मात्र सगळ्यात जास्त टाळला जातो. रिकाम्या वर्गात उभं राहून, मोठ्याने, खरा प्रश्न म्हणायचा, तीन मोजायचे, नाव घ्यायचं. तुम्ही विद्यार्थी व्हा. एकदा बरोबर उत्तर द्या, एकदा चूक, एकदा नुसते बघत राहा. पाच मिनिटं लागतात. मोठ्या माणसांना याचा संकोच वाटतो, म्हणून आधी तुम्ही शिक्षक व्हा आणि त्यांना मूल होऊ द्या. काही जण इतकं मनापासून मूल होतात की आवरावं लागतं.

तिसऱ्या आठवड्यापासून निरीक्षण. पूर्ण तास बसायची गरज नाही, पंधरा ते वीस मिनिटं पुरेत, आणि वेळ आधी ठरवलेली हवी. न सांगता गेलात की देखल्या देवा दंडवत होतो आणि दार बंद झालं की सगळं पूर्वीसारखं. कागदावर तीन रकाने आखा : वेळ, शिक्षक काय म्हणाले किंवा त्यांनी काय केलं, मुलांनी काय केलं. विशेषणं लिहायची नाहीत. 'पाठ छान झाला', 'सहभाग कमी' हे कागदावर येताच निरीक्षण संपलं आणि शेरा सुरू झाला. त्याऐवजी '१०.१२, प्रश्न : ढग कसे बनतात?, एक सेकंद, पुढच्या बाकावरची मुलगी, तीन शब्दांचं उत्तर' असं लिहा. सोबत वर्गाच्या बैठकीचा नकाशा ठेवा आणि जो बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ मारा. वीस मिनिटांनंतर तो नकाशाच बोलतो. सगळ्या रेघा पुढच्या दोन बाकांवर आणि मधल्या पट्ट्यात आलेल्या दिसल्या की वेगळं काही सांगावं लागत नाही.

नंतरचं बोलणं त्याच दिवशी व्हावं. दुसऱ्या दिवशीपर्यंत चालेल, त्यानंतर वर्ग आठवत नाही. दहा मिनिटं, दोघं शेजारी शेजारी, कागद मधे. समोरासमोर बसलं की मुलाखत वाटते. आधी कागद त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. (थांबायला शिकवणाऱ्यालाच इथे थांबता येत नाही, हे नेहमीचं दृश्य.) मग विचारा, 'यात तुम्हाला काय दिसतं?' बहुतेक शिक्षक तुमच्यापेक्षा कडक परीक्षण करतात. त्यानंतर पुढची एकच पायरी ठरवा, तीही कृतीच्या भाषेत. 'सहभाग वाढवा' ही पायरी नव्हे. 'उद्या गणिताच्या तासाला दोन प्रश्नांनंतर तीन मोजून मागच्या तीन बाकांवरच्या कुणाचं तरी नाव घ्यायचं' ही पायरी. मग तिथल्या तिथे एकदा सराव आणि पुढच्या भेटीची तारीख. आधी स्तुती, मधे टीका, शेवटी पुन्हा स्तुती हा फॉर्म्युला सोडून द्या. शिक्षकांना तो पाठ असतो, ते मधल्या वाक्याची वाटच बघत बसतात.

थांबणं अंगवळणी पडलं की जोडीतली चर्चा घेता येते. एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गाला सांगणं, ही रीत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. ती फसते ती बहुधा तपशिलात. जोड्या आधीच ठरलेल्या हव्यात आणि कोण 'अ', कोण 'ब' हेही. नाहीतर 'जोडीत बोला' म्हटल्यावर पहिला अर्धा मिनिट जोडीदार शोधण्यात जातो. एकट्याने विचाराला अर्धा मिनिट, 'अ'ला अर्धा, 'ब'ला अर्धा. जास्त वेळ दिला की गप्पा विषय सोडतात. बोलणं थांबवण्याची खूण एकच ठेवा, उदाहरणार्थ हात वर. सुरुवातीचे चार-पाच दिवस ही रीत सोप्या, ओळखीच्या विषयावरच करायची, म्हणजे मुलांना रीत शिकताना धडाही नवा नसेल. हे दिवस वाचवायला गेलात की नवा धडा, नवी रीत आणि गोंगाट एकदम अंगावर येतात, आणि तिसऱ्या दिवशी शिक्षक म्हणतात, 'आमच्या मुलांना हे जमत नाही.'

पाटीवर सगळ्यांनी एकदम उत्तर लिहून दाखवण्याचंही तसंच. 'पाट्या वर' म्हणेपर्यंत पाटी छातीशी पालथी, अक्षर मोठं, उत्तर लहान. मग शिक्षकाने काय करायचं हे आधी ठरलेलं हवं : बहुतेकांचं बरोबर असेल तर पुढे जायचं, निम्म्यांचं चुकलं असेल तर दोन वेगळी उत्तरं फळ्यावर लिहून त्यावर बोलायचं. पाट्या बघून 'छान' म्हणून धडा तसाच रेटला तर ती नुसती कवायत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसरण येते. आवाज वाढतो, धडा दहा मिनिटं मागे पडतो, जुनं सुटलेलं असतं आणि नवं हातात आलेलं नसतं. हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, म्हणजे ते आलं की अपयश वाटत नाही. नव्याचे नऊ दिवस संपतात ते नेमके इथे, आणि बरेच मार्गदर्शक याच सुमारास दुसऱ्या वर्गाकडे वळलेले असतात. या दोन आठवड्यांत भेटी कमी न करता वाढवा, वाटल्यास पाच-पाच मिनिटांच्या.

'हे आम्ही आधीपासूनच करतो' असं ज्येष्ठ शिक्षक म्हणतात तेव्हा वाद घालू नका. पुष्कळदा ते अंशतः खरं असतं. 'मग दाखवाल का? मला नवीन शिक्षकांसाठी टिपणं काढायची आहेत' म्हणा आणि वर्गात बसा. रेघांचा नकाशा त्यांनाही दाखवा. ज्यांना दुसऱ्याने बघणं नकोसं होतं, त्यांना मोबाइल टेबलावर ठेवून दहा मिनिटांचा नुसता आवाज मुद्रित करायला सुचवा. त्यांनी एकट्याने ऐकावा, थांबण्याचे सेकंद मोजावेत आणि पुसून टाकावा. तुम्हाला फक्त आकडा सांगितला तरी चालेल, नाही सांगितला तरी चालेल.

एक अट मात्र सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडून मिळवा : तुमची टिपणं शिक्षकाच्या मूल्यमापनात जाणार नाहीत. कागद शिक्षकालाच द्यायचा, प्रतही ठेवायची नाही. एकदा जरी यातलं काही कार्यालयात पोचलं, तर पुढे तुम्हाला फक्त सजवलेले पाठ बघायला मिळतील. मुख्याध्यापकांना सांगायचं ते एवढंच, की कुणाबरोबर किती भेटी झाल्या आणि कशावर काम चाललंय. त्यांच्याकडून मागायचं तेही थोडकं : भेटींसाठी आठवड्यातून एक मोकळा तास, आणि त्या वेळी शिक्षकाला बदली तासावर न पाठवणं. ही दुसरी मागणी किरकोळ वाटते, पण कार्यक्रम बहुधा तिथेच मोडतो. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी २०१८ मध्ये शिक्षकांच्या अशा मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. मार्गदर्शनाने शिकवणं सुधारतं, मुलांचं शिकणंही सुधारतं, पण कार्यक्रम मोठा झाला की परिणाम घटतो, असं त्यांना आढळलं. माझ्या मते त्याचं एक कारण या गमावलेल्या मोकळ्या तासांत असावं.

सहाव्या आठवड्यात भेटी थांबवा. महिन्याभराने विचारा, 'पंधरा मिनिटं येऊ का?' आणि तोच नकाशा घेऊन बसा. मागच्या बाकांवर रेघा दिसल्या तर पुढची रीत कोणती घ्यायची ते शिक्षकालाच ठरवू द्या. नसतील, तर तीन मोजण्यापासून पुन्हा, पण या वेळी दोन आठवडेच.