आमच्या आधी पंढरीला पोचणारं पाणी

मी मोशीची. आळंदी आम्हाला रिक्षाच्या अंतरावर, त्यामुळे प्रस्थानाच्या आदल्या रात्री मुक्कामाला जायची धावपळ नसते. पिशवी भरली, भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याच्या वर्गणीचे, पैसे दिंडीप्रमुखांकडे पोचते केले, तुळस उचलली की निघालो.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या बायका बऱ्याच. त्यातल्या गंगाखेडच्या एक आजी वाटभर माझ्या शेजारी चालतात. यंदा प्रस्थानाच्या सकाळी त्यांना इंद्रायणीच्या घाटावर घेऊन गेले. बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं आणि खाली फेस साचला होता, साबणचुऱ्याची बादली लवंडावी तसा. दोन पोरं तो ओंजळीत घेऊन एकमेकांवर उडवत होती.

"बाई, आमची गंगा उन्हाळ्यात आटती, पर अशी फेसाळत न्हाई. हे काय व्हय?" आजींनी विचारलं. गंगा म्हणजे त्यांची गोदावरी.

मी सांगितलं, की कपड्याभांड्यांचा साबण आणि कारखान्यांचं पाणी शुद्ध न होता नाल्यातून नदीत येतं. बंधाऱ्यावरून आपटताना ते घुसळलं जातं आणि फेस होतो.

"मंग तुमच्या घरचं पाणी कुठं जातं?"

"इथंच, आजी."

त्या काही बोलल्या नाहीत. पदर खोचला, नाक धरलं आणि तीन बुड्या मारून वर आल्या. मी पायरीवर उभी राहून नुसते पाय भिजवले. कामशेतच्या वर, मावळात, याच नदीत आमची नातवंडं श्रावणात डुंबतात. तळातले गोटे दिसतात तिथे. रोपं लावून झाली की बायका तिथेच चिखलाचे पाय धुतात. तिथून आळंदी फार लांब नाही. मधल्या पट्ट्यात आपण सगळे राहतो, एवढंच.

दिवे घाट चढताना पखवाज तापलेला असतो, बोलायला दम नसतो. पण सासवडच्या मुक्कामी रात्री राहुटीत आजींनी विषय पुन्हा काढला, आणि मी त्यांना पाण्याची वाट सांगितली. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याची मुळा-मुठा येऊन मिळते, तिच्यात पवनेचं पाणी आलेलंच असतं. मग दौंड, मग भिगवणजवळ उजनीचा फुगवटा. 117 टीएमसीच्या त्या धरणात सगळं एक होतं, आणि आषाढीच्या तोंडावर तिथून पाणी सोडतात ते पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागा म्हणून येतं. आपण जेजुरी, फलटण करत अडीचशे किलोमीटर चालतो. आपल्या मोरीतलं पाणी दुसऱ्या वाटेनं तिकडेच निघालेलं असतं. नुसतं निघालेलं नाही, गेल्या महिन्यातलं, गेल्या पावसातलं तिथे पोचलेलंही असतं. आपण ज्यात स्नान करायला चालत जातो, त्यात आपलंच न्हाणीघर आधी रिकामं झालेलं असतं.

"म्हंजी तुमी पुन्याची मान्सं देवाला आपलं खरकटं पानी पाठवता," आजी म्हणाल्या, आणि वळकटी उशाला घेऊन झोपी गेल्या. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. एक तर शेजारच्या पालात घोरण्याची जुगलबंदी चालली होती.

या वारीत नदीचं सुख म्हणाल तर ते नीरेला. वाल्ह्याहून निघालं की दुपारचा विसावा नीरा गावात, आणि मग पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात. पलीकडे दत्तघाटावर माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात. त्या वेळचा ‘माऊली माऊली’चा गजर मी शब्दांत मांडायला जात नाही. त्यानंतरचं सांगते. वरच्या अंगाला वीर धरण आहे, तिथून पाणी सोडलेलं असलं की नदी भरून वाहते. बायका काठाकाठानं उतरतात, एकमेकींचे हात धरून कमरेइतक्या पाण्यात जातात. कुणी पाठ चोळून देतं, कुणी उगाचच पाणी उडवतं. साठी उलटलेल्या बाया मुलींसारख्या ओरडत असतात. दोघीतिघी लुगडं आडवं धरून आडोसा करतात आणि आत एकेक जण कपडे बदलते. वाटेवर टँकरखाली बादलीसाठी रांग लावणाऱ्या आम्हाला हे अंगभर वाहतं पाणी म्हणजे चैन. आजींनी तिथे एवढा वेळ काढला की दिंडी पुढे गेली आणि आम्हाला लोणंदच्या रस्त्यावर धापा टाकत ती गाठावी लागली. चोपदारांच्या नजरेला पडलो नाही हे नशीब.

नदी जपायची कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी पर्यावरणाचं बोलत नाही. नीरेच्या काठावर एकदा तासभर बसून या, म्हणते.

त्यापुढे कालव्यांचा मुलूख. फलटणपासून माळशिरसपर्यंत नीरा उजव्या कालव्याचं पाणी आणि दुतर्फा ऊस. कालव्याच्या कडेला बाभळींवर वाळत घातलेली लुगडी दिसली की मुक्काम जवळ आला समजायचं. वारीत गेल्या दहाएक वर्षांत एक बदल मात्र मनापासून मानते: मुक्कामांवरची फिरती शौचालयं. पूर्वी पहाटे अंधारात उसाच्या किंवा ओढ्याच्या आडोशाला जावं लागे, पाऊस आला की ते सगळं वाहून खाली जाई. बायांची कुचंबणा होती ती वेगळीच. रांग असते, पाणी संपतं, तरी ती सोय झाली आणि ओढे थोडे सुटले.

वाखरीहून पंढरपुरात शिरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. चंद्रभागेला पाणी बेताचं होतं, पुंडलिकाच्या मंदिरापर्यंत चालत जाता आलं. वाळवंटात पूर्वी राहुट्यांची दाटी असे. उच्च न्यायालयाने त्याला मनाई केल्यावर वारकऱ्यांची सोय नदीपलीकडे 65 एकरांवर झाली, त्यामुळे पात्र आता मोकळं दिसतं. पात्रातल्या वाळूउपशाच्या खड्ड्यांची धास्ती मात्र वाटतेच. वरून सारखंच दिसणारं पाणी एका पावलात गळ्याशी येतं. आजींचा हात मी सोडला नाही. पायाला काहीतरी गुंडाळलं म्हणून ओढून काढलं तर कुणाची तरी जुनी साडी. अंगावरचं वस्त्र नदीत सोडायची पद्धत किती जणांना माहीत आहे कोण जाणे, पण सोडणारे पुष्कळ. आता त्या साड्या सुती नसतात, कुजत नाहीत, घाटाच्या पायऱ्यांखाली गोळा होत राहतात. 2016 मध्ये राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ ही नदी स्वच्छ करायची योजना जाहीर केली तेव्हा मला फार आशा वाटली होती. आता एवढंच कळतं, की पंढरपुरात कितीही घाट झाडला तरी वरून येणाऱ्याचं काय करणार? स्वच्छता मोहिमेला मीही जाते, पोती भरते, फोटोतही असते. पण पोत्यात प्लास्टिक येतं. विरघळलेलं येत नाही.

आजींनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली आणि घरच्यांसाठी तीर्थ भरून घेतलं. "आजी, प्यायला देऊ नका कुणाला," मी म्हटलं. "देवावर शिंपडीन," त्या म्हणाल्या. त्यांनी खरंच तसंच केलं असेल याची मला खात्री नाही.

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या, खोलीत जाऊन आले. तीनशेहून जास्त फ्लॅट आहेत, सांडपाण्याचं केंद्र बिल्डरने बांधून दिलेलं आहे. त्याचं काम साधं असतं: टाकीत ब्लोअरने सतत हवा सोडायची, त्या हवेवर जीवाणू जगतात आणि मैला खातात. हवा काही तास बंद राहिली की ते मरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो आणि सगळं तसंच मागच्या नाल्यात जातं. आमच्याकडे वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवत होते. ऑपरेटर बिचारा सांगेल तसं करणारा.

वार्षिक सभेत मी विषय मांडला. एकजण म्हणाले, "ताई, कारखाने सोडतात त्यापुढे आपलं काय?" दुसरे म्हणाले, मेंटेनन्स आधीच वाढलाय. मी म्हटलं, तुम्ही एकादशीला विठ्ठलाचा फोटो ग्रुपवर टाकता ना, त्याच्या पायाशी जाणारं पाणी आहे हे. लोक हसले. लिफ्टच्या दुरुस्तीवर पाऊण तास वाद झाल्यावर कंटाळून का होईना, ब्लोअर रात्रीही चालवायचा ठराव मंजूर झाला, आणि बाहेर पडणारं पाणी दर महिन्याला प्रयोगशाळेत तपासायचा. त्यातलं थोडं पाणी आता बागेला आणि फ्लशला वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात टँकर कमी लागतील असं खजिनदारांच्या लक्षात आलंय. ते आता माझ्या बाजूचे.

ब्लोअरच्या मीटरची वही माझ्याकडे आहे. सकाळी दूध घ्यायला उतरले की रात्रीचं रीडिंग लिहिते. आकडा हलला नसेल तर सेक्रेटरींना तिथूनच फोन लावते. सहाच वाजलेले असतात, त्यामुळे ते वैतागतात.