‘आधींचि’ या शब्दापाशी अडकलेले दोन महिने

ज्ञानेश्वरी मी उघडली ती राग आवरेना म्हणून. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. नोटीस लागली की हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. पण त्या कार्यालयात दर खेपेला एकच उत्तर, “पुढच्या आठवड्यात या.” आजही आठवलं की डोकं तापतं.

पहिला अध्याय भराभर झाला. दुसऱ्यात ६२व्या श्लोकाला मात्र रुतले. गीतेतली साखळी सरळ आहे: विषयांचं चिंतन, मग आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छेतून क्रोध. माऊली मात्र म्हणतात, ‘जेथ कामु उपजला । तेथ क्रोधु आधींचि आला’, म्हणजे इच्छा उपजली तिथे क्रोध आधीच आलेला. हे ‘आधींचि’ मला पटेना. इच्छा अडली की राग येतो, असंच ना? माझा राग तर त्या टेबलासमोर सुरू व्हायचा, समोरच्या माणसामुळे. दोन महिने मी रोज त्याच चार-पाच ओव्या वाचत होते. पुढे सरकावंसं वाटेना, कारण इथेच माझं काहीतरी अडलंय हे कळत होतं.

उलगडा झाला एसटीत. सहावी खेप होती. तो असं म्हणाला तर मी असं सुनावीन, अशी मनात जुळवाजुळव चाललेली. तालुक्याचं गाव अजून लांब होतं आणि माझ्या मुठी आवळलेल्या! काम आजच झालं पाहिजे, असं सकाळी चहा घेतानाच मनानं धरलं होतं. राग तेव्हाच येऊन बसला होता.

तरी त्या दिवशी भांडण झालंच. त्यांनी माझ्याकडे अर्जाची पोच मागितली, तर “तुम्ही दिलीच नाहीत” म्हणून मी आवाज चढवला. घरी आले तर पोच पिशवीच्या आतल्या कप्प्यात. पुढचीच ओवी सांगते की संमोह झाला की स्मृती जाते, ‘चंडवातें ज्योति । आहत जैसी’. सोसाट्याच्या वाऱ्यानं दिवा विझावा तशी. शके १२१२च्या ग्रंथात माझी ती दुपार लिहिलेली होती.

सार्थ प्रत घ्या, पण अर्थाकडे वळण्याआधी मूळ ओवी मोठ्यानं म्हणा. नऊ हजारांवर ओव्या आहेत. पारायणाचा नेम वेगळा आणि असं वाचन वेगळं, अध्याय संपवायची घाई करू नका. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: राग चढलेला असताना पोथी उघडू नका, तेव्हा नुसते डोळे फिरतात. मी पहाटे वाचते.

सातव्या खेपेला एसटीत तीच ओवी घोळवत गेले. काम त्याही दिवशी झालं नाही. पण पुढची तारीख मी कागदावर लिहून मागितली, शांतपणे, आणि ती मिळाली. नोंद होऊन आता चार महिने झाले. माझा बारावा अध्याय चालू आहे.