ओजसची वही

वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत ३४ वर्षं मी इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. तापमान, दाब, फ्लो मोजायचा, सेट पॉइंटशी, म्हणजे ठरवून दिलेल्या पातळीशी, ताडून बघायचा, व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवायचं. त्यामुळे सुनेने ‘न्यूरोफीडबॅक’, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजून, पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवायचं, हा शब्द घरात आणला तेव्हा त्यातला निम्मा माझ्या ओळखीचाच होता.

आमचा नातू ओजस सात वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. शब्द येतात, पण स्वतःहून फार थोडे वापरतो. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून देवघराच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. डोक्याला हात लावू देत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या न्हाव्याकडे केस कापायचे तर एकाने त्याला धरायचं आणि दुसऱ्याने पाय सांभाळायचे, असं चालायचं.

ज्या सेंटरमध्ये गेलो त्याचं नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांनी मेंदूचा रंगीत नकाशा दाखवला, लाल भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ४० सत्रांत हा हिरवा होईल, मुलगा बोलायला लागेल. माझा मुलगा तिथेच रडला, आनंदाने. त्या वाक्याचा मला आजही राग आहे. आईबापांना असं काही सांगायचं नसतं.

मी एकच अट घातली. चार आठवडे थांबायचं, आणि तेवढ्यात मी वही घालणार. किती वाजता झोपला, रात्री कितीदा उठला, शिट्टीनंतर किती मिनिटांनी बाहेर आला, स्वतःहून काय मागितलं, एवढंच. काही बदलण्याआधीचं रीडिंग हातात नसेल तर नंतरच्या रीडिंगवरून काहीच कळत नाही.

यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. यात शॉक देतात असं शेजारच्या बेनना वाटलं होतं, म्हणून सांगतो. डोक्याला पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, कानाच्या पाळीला क्लिप लावतात आणि मेंदूचे सिग्नल फक्त मोजतात. तेही मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. माणसाच्या मेंदूच्या या लहरी हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली पहिल्यांदा नोंदवल्या. आमच्याकडे सेटिंग असं होतं: सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या थीटा लहरी कमी आणि १२ ते १५ च्या जास्त झाल्या की पडद्यावरचं चित्र उजळ, नाहीतर अंधुक. ओजसने आगगाडीचं चित्र निवडलं. कमाटीबागेतली छोटी रेल्वे त्याचा जीव की प्राण आहे.

१२ ते १५ च्या लहरींची गोष्ट मांजरांपासून सुरू होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना ही लहर वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या विषारी इंधनाच्या प्रयोगात त्याच मांजरांना फिटचे झटके उशिरा आले. काम पक्कं आहे, पण ते झटक्यांबद्दलचं. ऑटिझमपर्यंत यायला मधे बराच रस्ता आहे.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ओजस दात आवळून बसला होता आणि गाडी तरीही उजळच होती. जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्याने रीडिंग बिघडतं. मग सेटिंग बघितलं, तर थ्रेशोल्ड, म्हणजे चित्र उजळण्यासाठी लागणारी लहरींची पातळी, ऑटोवर. मूल काहीही करो, दहापैकी आठ वेळा चित्र उजळ राहील अशा बेताने यंत्रच सेट पॉइंट सरकवत होतं. मूल वैतागू नये म्हणून तसं ठेवतात, आणि ते कारण मला पटतं. पण मग ‘आज ८० टक्के’ असा रिपोर्ट पालकांच्या हातात कशाला द्यायचा?

तिथली थेरपिस्ट मुलगी मात्र सोन्यासारखी होती. गुजराती. मला ‘दादा’ म्हणायची, त्यांच्यात आजोबांना म्हणतात तसं. सुरुवातीचे दोन आठवडे तिने ओजसच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलाच नाही. आधी बाहुलीला लावला, मग मला. मी डोळे मिचकावले की पडद्यावरच्या रेषेत मोठा उंचवटा यायचा. ओजस रेषेकडे बघायचा, मग माझ्या तोंडाकडे. पुन्हा रेषेकडे. आणि म्हणाला, “आजोबा, परत.” मी वीसेक वेळा तरी डोळे मिचकावले असतील. एखादी गोष्ट बघून, ती मीही बघतोय ना, म्हणून त्याने माझ्याकडे वळून बघण्याची वहीतली ती पहिली नोंद. प्रशिक्षण तोवर सुरूही झालं नव्हतं.

३० सत्रं केली. झोप सुधारली, साधारण पाऊण तास आधी लागायला लागली. पेस्टची सवय झाल्यावर डोक्याला तेलही लावू देऊ लागला. शिट्टी आणि बोलणं होतं तिथेच. माझ्या मुलाचं म्हणणं, आणखी २० करू. मी त्याच्यापुढे दोन चाचण्या ठेवल्या. २०१३ साली नेदरलँड्समध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेली: काहींच्या लहरी बदलल्या, पण ऑटिझमची लक्षणं त्याने कमी झाली नाहीत. दुसरी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा असलेल्या मुलांची, अमेरिकेतली, २०२१ ची, १४४ मुलं. अर्ध्याहून थोड्या जास्त मुलांना खरा फीडबॅक, बाकीच्यांना दुसऱ्याच कुणाच्या आधी रेकॉर्ड केलेल्या लहरींवरचा. सुधारली दोन्हीकडची मुलं, जवळजवळ सारखीच.

तो बराच वेळ वही चाळत बसला. मग म्हणाला, “म्हणजे बाबा, त्या मुलीकडे स्पीचसाठी जाऊ या का?” तिने स्पीच थेरपीचंच शिक्षण घेतलंय. आता आठवड्यातून तीनदा जातो, यंत्राशिवाय, त्याच पैशांत.

वही चालू आहे. रविवारची नोंद: न्हाव्याकडे एकटा खुर्चीत बसला. सहा मिनिटं. मानेजवळचे केस राहिले.