नेट

परवा दुपारी मोबाईलवर मॅच लावली होती. समालोचक तिसऱ्यांदा म्हणाला, "मोमेंटम आता पाहुण्यांकडं झुकलाय." आई ताटात वाघ्या घेवडा निवडत बसली होती. म्हणाली, "कोण रे हा? सारखा इकडं-तिकडं झुकतोय."

सांगायला गेलो आणि अडकलो. शाळेत त्याला संवेग म्हणायचे. वस्तुमान गुणिले वेग. एकक विसरलं की अर्धा मार्क गेला. पण संवेग हा शब्द परीक्षेच्या बाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 160 ग्रॅमचा चेंडू ताशी 144 किलोमीटरनं आला तरी किलो आणि मीटर-सेकंदात उत्तर येतं जेमतेम 6.4. उसानं भरलेली दहा टनांची ट्रॉली ताशी 18 नं रखडत असली तरी 50,000. ट्रॉलीपुढं कुणी बॅट घेऊन उभं राहत नाही ते उगीच नाही.

आप्पांना हे गणित न शिकता येत होतं. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडं चढायचं म्हणजे ते अलीकडूनच सायकल दामटायचे. मी पुढं दांडीवर, म्हणजे गुणाकारातलं नको ते वस्तुमान. चढ लागला की सीटवरून उठायचे, चेन करकरायची आणि माझ्या मानेवर घामाचा थेंब पडायचा. तोवर बोलायचं नाही. वाटेत कुणी "काय आप्पा, कुणीकडं?" विचारलं तरी उत्तर नाही. निम्म्या मंगळवार पेठेला ते शिष्ट वाटायचे, त्याचं कारण एवढंच. एकदा ऐन चढावर म्हैस आडवी आली. आप्पांनी पाय टेकला, तिच्याकडं नुसतं बघितलं आणि मला म्हणाले, "उतर. नेट मोडला." बोगद्यापर्यंत दोघं चालत गेलो. तेवढ्या वाटेत मात्र ते भेटेल त्याच्याशी बोलले.

"नेट गं," मी आईला म्हणालो. "आप्पा म्हणायचे तो."

"मग तसं सांग की." तिनं एक किडका दाणा बाजूला टाकला. "भाकरी करताना तू हाका मारतोस तेव्हा माझा मोडतो तोच ना?"

तोच. पण कबूल कोण करणार? मी मोबाईलकडं वळलो. पडद्यावर गोलंदाज हात वर करून थिजला होता आणि मधोमध चकती फिरत होती.

आतून पोरगा ओरडला, "बाबा, नेट गेलं!"

आईनं मान वर केली नाही. फक्त खांदे हलत होते.