काय झाडी, काय नोंद

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. त्यानंतर जन्मलेल्या पोरांना हे सांगताना मला भारी मजा येते, कारण आधी त्यांना वाटतं मी फेकतेय. मुंबईतल्या देवळांपुढे माणसं तांब्या-चमचा घेऊन रांगा लावून उभी होती, आणि बातमी एका दिवसात देशभर काय, परदेशातही पोचली. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने मूर्तीकडे ओढलं जातं, हे शास्त्रीय कारण मागाहून आलं, तोवर दूध पिऊन झालं होतं. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम सव्वा महिना आधी. आमच्या ओळखीत ते एकाकडेही नव्हतं. सगळं काम घरच्या काळ्या फोनने, पीसीओवाल्याने आणि जिन्यात उभ्या राहिलेल्या शेजारणींनी केलं.

इंग्रजी विकिपीडियावर या प्रकाराचा स्वतंत्र लेख आहे. त्यावर कुणी नाक मुरडलेलं मी तरी ऐकलं नाही. मीमवर लेख म्हटलं की मात्र चांगली शिकलीसवरलेली माणसंही म्हणतात, ‘हे काय ज्ञानकोशात घालायचं असतं का!’

मीही म्हणाले असते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड ज्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मानाचे होते, तिथे मी वाढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. मीम ही कल्पना रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने मांडली तेही १९७६ मध्येच. त्याच्या डोक्यात मांजरांचे फोटो नव्हते. चाली, कल्पना, तोंडी बसलेली वाक्यं, कपड्यांच्या फॅशनी, मडकी घडवायची पद्धत असं जे जे एका डोक्यातून दुसऱ्यात उडी मारतं ते सगळं त्याने त्यात धरलं होतं. विश्वकोशाची ‘अ’ आणि ‘इ’ ही अक्षरं छापून झाली तेव्हा इंटरनेट हा शब्दही इथे कुणाच्या कानावर पडलेला नव्हता, आणि विसावा खंड यायला २०१५ उजाडलं. छापील कोशात गाडी चुकली की चुकली. आताच्या कोशात दर मिनिटाला गाडी आहे, त्यामुळे चढू कुणाला द्यायचं हा प्रश्न.

तो प्रश्न माझ्या भाचीने आणला. ती कॉलेज सांभाळून मराठी विकिपीडियावर लेख लिहिते, पैसे मिळत नाहीत म्हणून आईची बोलणी खाते. एका रविवारी वाटाणे सोलता सोलता म्हणाली, “मावशी, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’वर स्वतंत्र लेख होईल का गं?”

मी हसले. तिने नियम सांगितला: विषयाशी हितसंबंध नसलेल्या, भरवशाच्या ठिकाणी त्याच्याबद्दल सविस्तर लिहून आलेलं असलं पाहिजे. याला उल्लेखनीयता म्हणतात. नियम चांगलाच आहे. त्यामुळे आपल्या काकांच्या साठीनिमित्त त्यांच्यावर लेख टाकणारे पुतणे बाहेर राहतात. पण मीमच्या बाबतीत हा नियम फसतो, असं माझं मत आहे. वर्तमानपत्रांच्या वेबसाइट बघा. ‘नेटकऱ्यांनी उडवली खिल्ली’ असा मथळा, खाली सहा मीम चिकटवलेली, मध्ये जाहिरात. झाली दखल! ऑगस्ट २०२० मध्ये यूट्यूबच्या कॉमेंटीत कुणीतरी नुसतं ‘बिनोद’ असं आपलं नाव लिहिल्याची थट्टा झाली आणि चार दिवस देशाला दुसरं काही सुचेना. पेटीएमने ट्विटरवर स्वतःचं नाव बदलून बिनोद केलं, मुंबई पोलिसांनीही त्या निमित्ताने पासवर्डचा धडा देऊन घेतला. बातम्यांची चळत मोजली तर बिनोद पहिल्या वर्गात पास. पण लेखात लिहिणार काय? एकाने नाव लिहिलं, मग सगळ्यांनी लिहिलं. पुढे?

उलट अमूलची मुलगी घ्या. १९६६ पासून ती मुंबईच्या होर्डिंगवर आहे. फ्रॉक तोच, केसांची निळी शेंडी तीच. बातमी बदलली की कोटी बदलते. ठरलेलं चित्र आणि बदलता मजकूर, म्हणजे मीमचाच कारभार, फक्त त्याला शिडी आणि रंगारी लागायचा. तिच्यावर लेख हवा याबद्दल दुमत नाही. तिच्या एकेका कोटीवर लेख मागणारा मात्र अजून मला भेटलेला नाही.

मग झाडीचं काय? आम्ही सरळ नोंद लिहायलाच बसलो. कोशाची भाषा मला तोंडपाठ, म्हणून मी सांगायचं, तिने टाइप करायचं. “सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांनी जून २०२२ मध्ये गुवाहाटी येथील वास्तव्यात एका कार्यकर्त्याशी केलेल्या दूरध्वनी संभाषणातील हे वाक्य होय. त्यात परिसरातील वनस्पती, भूरूपे व निवासव्यवस्था यांविषयी समाधान व्यक्त झाले आहे.” भाचीच्या हातातले वाटाणे सांडले. म्हणाली, “मावशी, सगळं बरोबर आहे, पण यात हसायचं कुठे?”

तिथे आमची खरी सुरुवात झाली. हसायचं कुठे हे लिहायचं तर आधी शिवसेना फुटल्याचं सांगावं लागतं, आमदार सुरतेहून आसामात गेल्याचं सांगावं लागतं, २९ जूनला उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंद्यांनी शपथ घेतली, हे सांगावं लागतं. अख्खं राज्य टीव्हीपुढे श्वास रोखून बसलंय, आणि त्या गोंधळाच्या मधोमध बसलेला माणूस सहलीला गेल्यासारखा खुशाली कळवतोय. ही झाली गमतीची पहिली घडी.

दुसरी घडी जरा अडचणीची आहे. आपण मुंबईकर हसलो ते ‘हाटील’ला. आमच्या लेडीज डब्यात त्या दिवसांत कुणीही डबा उघडला की ‘काय भाजी, काय पोळी’ व्हायचं, आणि ते म्हणताना प्रत्येकीचा आवाज मुद्दाम गावरान व्हायचा. परळला एका वडापावच्या गाडीवर खडूने लिहिलं होतं, ‘काय वडा, काय पाव, काय मिर्ची’. पाटी मला आवडली होती. त्या माणसाने निदान कुणाची नक्कल केली नव्हती, स्वतःच्या मालाची केली होती.

आणि तिसरी घडी कुठल्याच मीममध्ये नव्हती. भाची मोबाइलवर सांगोल्याची माहिती वाचत होती. सोलापूर जिल्हा, दुष्काळी पट्टा, डाळिंबाचं गाव. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले आणि त्यांचं सगळं राजकारण पाण्याभोवती फिरलं. अशा तालुक्यातला माणूस ऐन जूनमध्ये आसामात उतरला, तर त्याच्या तोंडी पहिली झाडी येणार नाही तर काय येणार? हॉटेल तिसऱ्या नंबरवर आहे हे लक्षात घ्या. आपण असतो तर एसी आणि ब्रेकफास्टपासून सुरुवात केली असती.

माझं मत तिथे फिरलं. ज्या मीमच्या पोटात असं काही निघतं त्याला नोंद द्यावी, आणि किती लाख लोकांनी पुढे ढकललं हा हिशेब मागाहून करावा. नोटाबंदीनंतर दोन हजाराच्या करकरीत नोटेवर ‘सोनम गुप्ता बेवफा है’ लिहिलेला फोटो फिरला, त्यालाही मी आनंदाने जागा देईन. बँकेपुढच्या रांगांच्या त्या नोव्हेंबरात लोकांना हसायला काय मिळालं होतं, हे पुढे कुणाला तरी शोधावं लागेल. आणि एक अट आहे. मीममधल्या माणसाला ते हवं होतं का, हे बघायचं. आमदार माणसाला मीम मानवतं. शाळकरी पोराला नाही. कॅनडातल्या एका मुलाने काठी तलवारीसारखी फिरवत गंमत म्हणून स्वतःचं शूटिंग केलं, ते वर्गातल्या मुलांनी २००३ मध्ये इंटरनेटवर पसरवलं, जग त्याला हसलं आणि घरच्यांना कोर्टात जावं लागलं. त्या व्हिडिओवर लेख झाला, पण लेखात मुलाचं नाव द्यायचं की नाही यावर विकिपीडियाचे संपादक बराच काळ भांडत होते. भांडत होते हे मला फार आवडलं. व्हॉट्सॲपवर कुणी भांडत नाही, नुसतं फॉरवर्ड करतात.

भाचीचं म्हणणं, स्वतंत्र लेख नको. २०२२ च्या सत्तासंघर्षाच्या लेखात एक परिच्छेद टाकू आणि नाव शोधणाऱ्याला तिकडे वळवू. मी म्हटलं, मुळीच नाही. परिच्छेद झाला की सांगोल्याचं पाणी पहिल्यांदा कापलं जाईल. शिवाय अकारविल्हे लाव, ‘काय झाडी’ बरोबर ‘कायदा’च्या अलीकडे येते. गुवाहाटीची झाडी जूनमध्ये बघून झाली, आणि त्या फुटीत कायदा काय म्हणतो हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं. क्रम अगदी कोशातल्यासारखा.

“हे वाक्य घालू नकोस हं,” ती म्हणाली. “संदर्भ नाही म्हणून रात्रीपर्यंत उडवतील.”