टाकीतली धूळ

भाऊबीज झाली, पाट-रांगोळी आवरून झाली, उरलेला चिवडा डब्यात गेला. माझ्या नणंदेचं, ताईंचं, एक वाक्य मात्र डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

खरं तर झालं काहीच नाही. फराळ चालला होता. ताई हातात चकली घेऊन माझ्या नव्या, खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठीच्या टाकीपाशी गेल्या, काचेवरून एक बोट ओढलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, पाण्यातसुद्धा धूळ बसते का?" मग हसल्या आणि अनारशांकडे वळल्या. बोटाला काही लागलेलं नव्हतं. लागणार कसं, सगळं काचेच्या आतल्या बाजूला!

मी हसून सोडून द्यायचं की नाही? नाही. मी शिकवणी सुरू केली. ही धूळ नाहीये ताई, सूक्ष्म शेवाळ आहे, ह्यांना डायटम म्हणतात, नवीन टाकीत येतातच, अगदी निष्णात माणसाच्या टाकीतसुद्धा येतात. सगळे चमचे थांबवून ऐकत होते आणि आपण थांबायला हवं हे कळत असून मला थांबता येत नव्हतं. शेवटी भाच्यानेच सोडवलं. "मामी, मासे कुठेत?" अजून यायचेत रे. "मग लाइट कुणासाठी?" यावर हे म्हणाले, "तिचं काहीतरी चालू असतं."

ह्यांच्या त्या वाक्याबद्दल आज नको.

धूळच म्हणाल्या ना? आणि दिसतंही तसंच, हे सगळ्यात वाईट. दसऱ्याला पाणी भरलं तेव्हा वाळू पिठीसाखरेइतकी पांढरी होती. आता तिच्यावर तपकिरी थर आलाय, दगडांवर आलाय, काचेवर तर रोज नव्याने येतो. नेमका दिवाळीत. माळे उतरवले, पंखे पुसले, पितळेची भांडी चिंच लावून घासली, आणि घरात शिरल्या शिरल्या समोर काय, तर तीन फुटांची तपकिरी टाकी. आतून दिवा लावलेली, म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटायला नको.

खरं तर मी सगळं व्यवस्थित केलं होतं. साधारण 190 लिटर पाण्याला जवळजवळ सात किलो मीठ लागलं. (आई फोनवर म्हणाली, एवढ्यात दोन वर्षांचं लोणचं झालं असतं.) खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर समुद्रासारखं 1.025 आलं, हीटर 26 वर लावला. माशांना विषारी असतो तो अमोनिया आधी चढला, मग शून्यावर आला. नायट्राइटही उतरतंय. म्हणजे जिवाणूंनी बस्तान बसवलंय, जे आधी व्हायला हवं ते झालंय. पण परीक्षानळीतला पिवळा रंग कुणाला दिसतो? दिसते ती काच.

ह्या डायटमना घर बांधायला सिलिका लागते, आणि नाशिकात तिला काय तोटा! गंगापूर धरणाचं पाणी येतं ते काळ्या बेसाल्टवरून, आणि बेसाल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिकाच असते. मी साधं नळाचं पाणी वापरतच नाही, आरओ आणि पुढे विद्युतभार असलेले क्षार धरून ठेवणारं रेझिन लावलंय, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. पण सिलिकेवर विद्युतभार जवळपास नसतोच, त्यामुळे रेझिन थकलं की सगळ्यात आधी तीच निसटते आणि मीटरला पत्ताही लागत नाही. त्यात टाकीतलं लिटरभर पाणी रोज उडून जातं. मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, आणि त्याबरोबर थोडी सिलिका पुन्हा आत. शिवाय नवीन वाळू, कोरडे दगड, त्यांच्यातून सुटते ती वेगळीच. अशा टाक्या ठेवणाऱ्या सगळ्या मंडळींचं म्हणणं एक: हात लावू नकोस, साठा संपला की आपोआप जातील. काही आठवडे लागतात.

आपोआप. हा शब्द माझ्या घरात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला लागू होत नाही.

मधूनच मनात आलं, गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, पश्चिमेचा समुद्र तिथून जवळ, तरी ती पाठ फिरवून बंगालच्या उपसागरापर्यंत 1,465 किलोमीटर चालत जाते. तिच्याच पाण्यात मी मीठ कालवून हॉलमध्ये समुद्र करायला निघालेय. मग थोडा गाळ येणारच की. हे ताईंना सांगायला हवं होतं. चांगली उत्तरं अशी रात्री सुचतात.

आता खरं काय लागलं ते. खाली पार्किंगमध्ये ह्यांची येझदी आहे. गेल्या दिवाळीला तिथेच होती, त्याच्या आदल्या दिवाळीलाही. सीटवर मांजर झोपून झोपून खळगा पडलाय. तिच्यावर कुणी बोट ओढून बघत नाही. उलट भावजी तिच्याभोवती उभे राहून अर्धा तास इंजिनवर बोलले आणि हात काळे करून वर आले. मी त्यांना साबण दिला. टाकी ह्यांची असती तर ताईंनी विचारलं असतं, "काय रे, काय झालंय टाकीला?" माझी आहे, म्हणून धूळ. त्यांचा छंद आणि माझी साफसफाई. पाण्याखाली गेलं तरी माझ्या घरातलं ते घरकामच.

हे लिहिलं आणि जरा रडायला आलं. दमले होते, तेही आहे. चार दिवस तळणाजवळ उभं राहिलं की माणूस शेवाळावरूनही रडतं.

मग उठले. काचेवर कार्ड फिरवलं, एक थेंब काढला आणि चिकूच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तसा बहाणा होता की हे डायटमच आहेत ना, डायनो (तसलेच तपकिरी दिसणारे, पण चिवट सूक्ष्मजीव) तर नाहीत, ते बघू. डायनो झाले की कटकट असते, बुडबुडे अडकलेल्या शेंबडासारख्या तारा लोंबतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. तसं काही नव्हतं. आधी नुसता धुरकट उजेड, मग स्क्रू जरा फिरवला आणि एकदम स्पष्ट झालं: होडीच्या आकाराच्या लांबट सोनेरी पेशी, टोकं निमुळती, काही एकमेकींना चिकटलेल्या, एखादी हळूच सरकणारी. प्रत्येकीला काचेचं कवच, ते दोन भागांचं, डब्यावर झाकण बसावं तसं एकात एक. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला साधारण 20 टक्के वाटा ह्या अशा डब्यांचा आहे. मी डोळा लावून बसले ते बाराला दहा कमी असताना, आणि नंतर पाठ दुखायला लागली तेव्हा कळलं किती वेळ झाला.

त्या थेंबाला मी धूळ म्हटलं नसतं. पण सकाळी चहा ठेवायच्या आधी, डोळे चोळत, काच पुसायला जाते ती मीच. मला कुणी काही म्हणायच्या आत. वाळूचा वरचा थर चमच्याने उलटवते, तासभर पांढरं दिसतं, संध्याकाळी पुन्हा तेच. ताईंनी वर्षातून एकदा बोट ओढलं. माझं बोट रोज असतं तिथे.

हं. हे काही मला फारसं आवडलेलं नाही, पण आता लिहून झालंय.

भाच्याचा प्रश्न मात्र अगदी वर्मी बसला. मासे नाहीत, प्रवाळ नाही, मग लाइट कुणासाठी? माझ्यासाठी. रात्री सगळं आवरल्यावर त्या निळ्या उजेडात दगड बघत बसायला मला आवडतं. डायटमना कमी उजेडही पुरतो म्हणतात, म्हणजे लाइट बंद करून ते लगेच पळून जातील असंही नाही. चार तासांवर आणते. चारच्या खाली नाही आणणार, काही झालं तरी.

गोगलगायी मुंबईहून मागवायच्यात, नायट्राइट शून्य झालं की. दुकानदार डझनभर घ्या म्हणतोय. तीनच घेणार. हे तपकिरी संपल्यावर उरलेल्या नऊ जणींना मी काय वाढू?

मघाशी ताईंचा मेसेज आला. चिवडा छान झाला होता, पोहे कुठले, आणि मासे आले की कळव, नातवाला घेऊन येते. म्हणजे पुन्हा पाहणी. पोह्यांच्या दुकानाचं नाव कळवलं आणि लिहिलं, तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे ताई, मग निवांत या. तोवर गेलं तर गेलं. नाहीच गेलं तर त्या संध्याकाळी टाकीचा लाइट लावायचा नाही, मासे झोपलेत म्हणून सांगायचं.